चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

बरणी थोरल्याने स्वतः उकळली होती. एकदा नाही, दोनदा. एरवी पाणी प्यायलाही स्वयंपाकघरात न येणारा माणूस सकाळी सातला गॅसपाशी उभा राहून चिमट्याने काचेची बरणी उलटीपालटी करतोय, हे पाहून आत्याने विचारलं होतं, "जॅम करतोयस का रे, बाळा?" त्यावर तो एवढंच म्हणाला होता, "दहाला सगळ्यांनी टेबलाशी यायचं. कुणी कुठे जायचं नाही."

दहाला सगळे आले. टेबल जेवायचंही होतं आणि ऑफिसचंही. एका टोकाला ताटं, दुसऱ्या टोकाला बिल्ट्या आणि पावत्या, आणि मागच्या भिंतीवर नऊ खिळे, नऊ ट्रकच्या किल्ल्यांसाठी. सातव्या खिळ्यावरची किल्ली नऊ दिवस हलली नव्हती. तिच्या बरोबर खाली थोरल्याचा पाठचा भाऊ, मधला, बसला होता, पाय हलवत. त्याच्याबरोबर टेबल हलत होतं, आणि टेबलाबरोबर बरणी.

थोरला उभा होता. बारा वर्षांपासून त्याच्या कमरेला रुंद पट्टा होता, आणि पट्टेवाल्या माणसाने बसताना कण्हायचं असतं. कण्हायचा कंटाळा आला की तो उभाच राही. त्याची कंबर ठणठणीत होती. घरात हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

"दोन वाजता ह्याची तपासणी आहे," त्याने मधल्याकडे पेनने खूण केली. "पोलिसांनी लावलेली आहे, टाळता येणार नाही."

का लावली, हे सांगायची गरज नव्हती. नऊ दिवसांपूर्वी सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, मधल्याने दोनशे चाळीस वॉशबेसिनांनी भरलेला ट्रक महामार्गाच्या मधोमध उभा केला होता. कारण पुढे रस्त्यात खुर्ची टाकून एक बाई स्वेटर विणत बसली होती. त्याने हॉर्न दिला, बाई हलली नाही. तो खाली उतरला, हात जोडले, "मावशी, जरा कडेला बसता का?" म्हणून विनवणी केली. मागे चार किलोमीटर रांग लागली. पोलीस पोचला तेव्हा मधला दोन्ही हात पुढे करून तिची लोकर धरून उभा होता. अहवालात पोलिसाने लिहिलं: 'चालक खुर्चीवरील महिलेशी बोलत होता. महिला आढळली नाही. खुर्चीही आढळली नाही.'

ही शेवटची ओळ दोघांच्या वडिलांना, आबांना, फार लागली होती. "खुर्ची तरी आढळायला हवी होती," असं ते नऊ दिवस येता-जाता म्हणत होते.

थोरल्याने फॉर्म उघडला. "बावीस प्रश्न आहेत. एकवीस मी रात्रीच भरले. राहिला चौदावा. ऐका. 'आपण झोप, जाग, चिंता, दुःख अथवा अन्य कारणासाठी कोणतेही औषध, द्रव्य वा नशा घेत आहात काय? असल्यास तपशील द्यावा.' तपशिलाला दीड ओळ दिली आहे. आपल्याला तिचीही गरज नाही. उत्तर 'नाही'."

 मधला सहा वर्षं खडू खात होता. चालक लोक गोळ्यांना खडू म्हणत. पांढरा जागं राहायला, पिवळा झोपायला. हे टेबलाभोवती कुणाला नवं नव्हतं. धुवायच्या शर्टाच्या खिशात गोळ्या सापडल्या की थोरल्याची बायको, वहिनी, त्या काढून ठेवी आणि इस्त्री झाली की पुन्हा त्याच खिशात घाली, सुटे पैसे घालावेत तशा.

"फॉर्म खोटं बोलेल," थोरला म्हणाला, "पण लघवी खोटं बोलत नाही. म्हणून ही बरणी. घरातल्या कुणा स्वच्छ माणसाने ही भरून द्यायची. हा ती खिशातून आत नेईल आणि तिथल्या बाटलीत ओतेल. संपलं. आपण सहा जण आहोत. एक तर निघेलच."

"त्यात काय, माझं घ्या," आबा लगेच म्हणाले आणि उठायला लागले. शहात्तराव्या वर्षी घराच्या उपयोगी पडायची संधी त्यांना रोज येत नव्हती. "पंचेचाळीस वर्षं गाडी चालवली. एक ओरखडा नाही."

"आबा, ओरखडे नाही तपासत ते," वहिनी म्हणाली.  घरातली सगळी औषधं तिच्या नजरेखालून जात. "तुमच्या खोकल्याच्या औषधाचं काय?"

"खोकल्याचं औषध म्हणजे नशा होय?"

"आठवड्याला दोन बाटल्या लागतात. आणि तुम्हाला खोकला झाला कधी होता?"

आबांनी आठवून पाहिलं. "तुझी सासू होती तेव्हा."

"त्याला अकरा वर्षं झाली."

"म्हणूनच तर बरा राहिलाय!" आबा गरजले. मग एकदम बसले. चष्मा काढून पुसायला लागले. "दुपारी एक झाकण, संध्याकाळी तीन," ते काचेकडे बघत म्हणाले. "नाही घेतलं तर घर फार मोठं वाटतं."

थोरल्याने कागदावर 'आबा' लिहून खोडलं. त्याला असं काही ऐकायचं नव्हतं. त्याला बरणी भरून हवी होती.

"शोभतं का हे तुला?" आत्या भावावर कडाडली. वहिनीची सासू गेल्यापासून घर आत्याच्या धाकात होतं. "वयाचा तरी विचार! दे रे बाळा इकडे. मी चहासुद्धा साखर न घालता पिते." तिने पदराने बरणी उचलली आणि तरातरा दारापर्यंत गेली. तिथे थांबली. परत आली. बरणी होती तिथे ठेवली आणि पदर नीट केला.

"झोपेची गोळी त्यात दिसते का रे?"

"कसली झोपेची गोळी? कुणाची?"

"ह्यांची."

"आत्या, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली!"

"ते मला माहीत आहे. केमिस्टला नाही." आत्याने नजर खिडकीकडे वळवली. "चिठ्ठी ह्यांच्या नावाची आहे. दर महिन्याला तो बिचारा विचारतो, साहेब कसे आहेत. मी म्हणते, आता शांत झोपतात."

मधल्याच्या तोंडून हुंकारासारखं काहीतरी निघालं. थोरल्याने त्याच्याकडे डोळे वटारले. अकरा वाजत आले होते. त्याने 'आत्या'वर काट मारली आणि शेवटी, जिच्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती, तिच्याकडे वळला.

"तू जा," तो बायकोला म्हणाला. "उगीच वेळ गेला. आधी तुलाच सांगायला हवं होतं."

"माझं चालणार नाही," वहिनी म्हणाली.

"का?"

"अहो, नाही म्हटलं ना."

"कारण काय पण? तुला काय धाड भरलीये?"

वहिनी उठली. फळीवरून व्हिटॅमिनची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि चार गोळ्या टेबलावर ठेवल्या. बाटलीवरच्या चित्रात गोळ्या तांबड्या होत्या. ह्या निळ्या होत्या. "तीन वर्षं झाली. ही व्हिटॅमिनं नाहीत."

"मग?"

"रडू थांबत नव्हतं, त्याच्यावर आहेत. डॉक्टरने दिल्यात. चोरून नाही आणल्या."

"रडू? तुला रडताना मी कधी पाहिलं नाही."

"तुम्ही साडेआठला यार्डात जाता," वहिनी गोळ्या एकेक करून बाटलीत परत टाकत म्हणाली. "मी पावणेनऊला बसायचे."

थोरल्याच्या हातात पेन होतं, पण 'बायको' हा शब्द त्याने लिहिलाच नव्हता, तर खोडणार काय? त्याने उगाच कागदाच्या कडेला एक चौकोन काढला. तीन वर्षं. रोज पावणेनऊ. त्या वेळी तो पट्टा सोडून यार्डातल्या केबिनमध्ये आरामात पाय पसरून बसलेला असे.

"मधली," तो घाईने म्हणाला. मधल्याची बायको प्रयोगशाळेत कामाला होती आणि पाण्याशिवाय काही पीत नसे. "तू राहिलीस. तुझं तर स्वच्छ असणार."

"अगदी स्वच्छ आहे, दादा. म्हणूनच देणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आज माझ्या बरणीवर हा पास झाला तर उद्या पहाटे तुम्ही ती किल्ली काढून ह्याच्या हातात द्याल. मग फोन वाजला की मी कुठला निरोप ऐकायचा? हा गेला, की ह्याने कुणाला मारलं?" तिचा आवाज चढला नव्हता. तिने बरणी बोटाने हलकेच थोरल्याच्या दिशेने सरकवली. "सहा वर्षं मी गप्प बसले, तो माझा गुन्हा. पण त्यासाठी आता माझी लघवी मागू नका."

आत्याने हिशेब केला. आबा झाले, ती स्वतः झाली, दोन्ही सुना झाल्या. "मग बाळा, तूच उरलास की!"

"माझी कंबर..." थोरला म्हणाला.

"बरणी काय कमरेने भरायची आहे?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. मधलासुद्धा. त्याचा पाय थांबला होता, आणि त्याच्याबरोबर टेबलही. थोरल्याला वाटलं, पाठ धरावी आणि इथेच कण्हत खाली बसावं. बारा वर्षं ते जमलं होतं. पण हात पाठीकडे जायच्या ऐवजी पट्ट्यापाशी गेला आणि त्याने चर्रकन पट्टा सोडला. आतल्या कप्प्यातून गोळ्यांची पट्टी खाली पडली.

"कंबर ठीक आहे माझी," तो म्हणाला. "कधीच काही झालं नव्हतं तिला."

"मग हे काय?" आबांनी पट्टी उचलली.

"भीतीची गोळी. रोज सकाळी एक." आता सुरुवात झाली होती तर तो भराभर बोलत सुटला. "तो लांब पूल नाही का, नदीवरचा? बारा वर्षांपूर्वी त्याच्या मधोमध माझे हात स्टिअरिंगवर गोठले. मला वाटलं, हा पूल संपतच नाही. मागचे शिव्या घालतायत, आणि मला बोट उचलता येईना. तासभर. शेवटी मागच्या ट्रकवाल्याने मला बाजूला सरकवून गाडी पलीकडे नेली. घरी येऊन सांगितलं, कमरेत उसण भरली. दुसऱ्या दिवशी जाऊन पट्टा आणला. मग एकदा लावलेला पट्टा काढता येईना. माझ्या खेपा ह्याला दिल्या. ह्याच्या होत्याच, वर माझ्या."

तो थांबला. मधला त्याच्याकडे बघत होता, आणि मग हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग टेबलावर डोकं टेकून तो इतका हसला की आत्या घाबरून पाणी आणायला उठली.

"दादा," तो डोळे पुसत म्हणाला, "तुझ्या कमरेसाठी मी गादी आणली होती. आठवतं? सहाशे किलोमीटरवरून, टपावर बांधून. वाटेत दोनदा सोडून पुन्हा बांधली."

"चांगली आहे रे ती गादी."

"असणारच. मी तासभर तिच्यावर झोपून पाहिली होती दुकानात." हसू ओसरलं. "तेवढाच झोपलो होतो त्या आठवड्यात."

 मधल्याने हात लांब करून फॉर्म ओढून घेतला, भावाच्या हातातलं पेन काढलं आणि चौदाव्या प्रश्नासमोर 'हो'वर खूण केली. मग दीड ओळीत तपशील लिहायला लागला. अक्षर बारीक करत गेला तरी पहिलं वर्षच मावेना.

"लायसन्स जाईल," थोरला म्हणाला. "घरात चालवणारा तू एकटा उरलायस. बाकी आठ गाड्यांवर पगारी माणसं आहेत. त्यांना कळलं मालकाच्या भावाने 'हो' लिहिलं, तर..."

"तर काय? तेही लिहितील?" मधल्याने मान वर केली. "दादा, ती बाई मला खरंच दिसली होती. तुला दिसतोय ना मी, तशी. आता मला सगळे सांगतात, ती नव्हती. ठीक आहे, नव्हती. पण पुढच्या वेळी रस्त्यात कुणीतरी खरंच असेल, आणि मी म्हणेन, ही तर नसणारीच, आणि गाडी तशीच पुढे घेईन. तेव्हा काय करायचं?"

आबांनी खुर्चीबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

"बरणी दे," मधला म्हणाला. "मीच भरतो."

"तिथे बाटली देतात," त्याच्या बायकोने सांगितलं.

निघायची वेळ झाली तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. दारात कार होती, पण ती चालवणार कोण? मधल्याचा तर प्रश्नच नव्हता. थोरल्याने बारा वर्षांत चाक धरलं नव्हतं. आबांनी किल्लीकडे हात नेला, तर वहिनीने त्यांना "दुपारचं झाकण झालं का?" एवढंच विचारलं. बाकी तिघींना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. नऊ ट्रकांचं घराणं निमूटपणे चालत बसस्टॉपवर गेलं आणि रांगेत उभं राहिलं. घरी थांबायला कुणीच तयार नव्हतं. आत्या तर म्हणाली, एवढं ऐकल्यावर आता एकटी मी बसू कशी.

बस पुलावर चढली तेव्हा थोरल्याने डोळे मिटून पुढची दांडी धरली. हा तो पूल नव्हता, छोटासाच होता, पण हातांना ते कोण सांगणार? वहिनीने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"मला सांगितलं असतंत तर?" ती हळूच म्हणाली.

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं होतंत?"

"नाही," तो डोळे मिटूनच म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पावणेनऊला का बसायचीस?"

"साडेआठपर्यंत तुमचे डबे असायचे," वहिनी म्हणाली. "पूल संपला. सोडा दांडी."

तपासणीच्या ऑफिसात चार नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्मवरून नजर फिरवली आणि चौदाव्यावर थबकला. "इथे चुकून 'हो' झालंय."

"चुकून नाही," मधला म्हणाला.

"अहो, इथे सगळे 'नाही' लिहितात." कारकून मनाने चांगला होता. त्याने खालच्या खणातून नवा कोरा फॉर्म काढून दिला. "सावकाश भरा. घाईत होतं असं."

मधल्याने सावकाश भरला. पुन्हा 'हो'. कारकुनाने तिसरा फॉर्म पुढे केला, ह्या वेळी चौदाव्या प्रश्नातल्या 'नाही'ला स्वतः पेन्सिलीने गोल करून. मधल्याने तो परत सरकवला आणि विचारलं, "तपशिलाला जागा पुरत नाही. पुरवणी मिळेल का?"

"पुरवणी?" कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "अकरा वर्षं ह्या खिडकीवर आहे मी. पुरवणी कुणी मागितली नाही." त्याने इकडेतिकडे शोधलं आणि मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान फाडून दिलं, मागून कोरं होतं ते. मग कॉम्प्युटरकडे वळला. कॉम्प्युटर 'हो' घेईना. दर वेळी लाल अक्षरांत 'उत्तर तपासा' म्हणे. शेवटी तो डॉक्टरांनाच बोलवायला आत गेला. रांगेतले बाकीचे चालक मधल्याकडे, वर्गात बाकावर उभ्या केलेल्या पोराकडे बघावं तसे बघत होते. कुणी हसत मात्र नव्हतं.

डॉक्टर बाई आल्या. कॅलेंडरच्या पानामागचा मजकूर त्यांनी उभ्या-उभ्या शेवटपर्यंत वाचला.

"शेवटचं नीट कधी झोपलात?"

मधल्याने विचार केला. "नीट म्हणजे किती तास?"

डॉक्टर बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. सोमवारी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं, त्या म्हणाल्या. दोन आठवडे आत, कारण हे खडू एकदम सोडले तर आणखी बायका दिसतील. मग औषधं, मग दर आठवड्याला बोलायला यायचं. लायसन्स तोवर त्यांच्या खणात.

"किती दिवस?" थोरल्याने विचारलं.

"तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"तीन महिन्यांनी मिळेल?"

"पुन्हा बघू म्हटलं मी," डॉक्टर बाई म्हणाल्या. "मिळेल म्हटलं नाही. आणि त्याच्या आजूबाजूच्यांनी जरा..."

"डॉक्टर," आबा मध्येच पुढे झाले, "खोकल्याचं औषध किती झाकणांपर्यंत चालतं?"

"मग माझंही विचारून घेते," आत्या म्हणाली. "फक्त चिठ्ठी ह्यांच्या नावाची आहे, ते ह्या खिडकीवर चालेल का?"

डॉक्टर बाईंनी त्या दोघांकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या थोरल्याकडे, वहिनीकडे. "तुम्ही सगळे एकत्र आलात?"

"बसने," मधल्याची बायको म्हणाली.

परत निघायला साडेचार झाले. बस निम्मी रिकामी होती आणि सगळ्यांना पुढे, चालकाच्या मागेच जागा मिळाली. आबा सवयीने गिअरच्या आवाजाकडे कान लावून बसले. "दुसऱ्यात घे, दुसऱ्यात," ते पुटपुटत होते. आत्या मोठ्या आवाजात वहिनीला समजावत होती की रडू फार आलं तर आता तिच्या खोलीत यायचं, एकटीने बसायचं नाही. वहिनी म्हणत होती, तुम्ही तर गोळी घेऊन झोपलेल्या असता. पाचजण पाच दिशांनी खडू, चौदावा प्रश्न, खणातलं लायसन्स आणि दवाखान्यात काय काय न्यायचं ह्याबद्दल बोलत होते. थोरला तेवढा गप्प होता. उद्या यार्डात आठ चालकांना काय सांगायचं, हे तो जुळवत होता, आणि पहिलंच वाक्य जुळत नव्हतं. कमरेबद्दल आधी सांगावं, की भावाबद्दल?

सिग्नलला बस थांबली. चालक पन्नाशीचा, डोळे लालसर, मानेला टॉवेल गुंडाळलेला. त्याने आरशातून मागे पाहिलं, मग पुन्हा समोर. मान न वळवता, ओठ न हलवल्यासारखं करून त्याने विचारलं, "तुमच्यात चौदाव्याला 'हो' कुणी लिहिलं?"

सगळ्यांच्या माना मधल्याकडे वळल्या.

"मी," मधला म्हणाला.

"काय झालं मग?"

"लायसन्स ठेवून घेतलं. सोमवारी भरती व्हायचंय."

"नोकरी जाते का?"

मधल्याने थोरल्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्याने दिवसभरात एकदाही विचारला नव्हता.

"नाही जात," थोरला म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून त्याला आश्चर्य वाटलं. मग आपण नक्की काय बोललो ते लक्षात आल्यावर त्याने घाईने भर घातली, "आमच्याकडे नाही जात. तुमच्या साहेबांचं मी कसं सांगू?"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. चालक तसाच बसून होता, पुढच्या काचेकडे बघत.

"तुमचा नंबर देता का?" त्याने विचारलं. "मलाही त्या चार नंबरच्या खिडकीवाल्याने कोरा फॉर्म दिला होता. म्हणाला, घाईत होतं असं."

मधला आकडे सांगायला लागला, आणि चालकाने खिशातून फोन काढायला हात नेला. तेव्हा मधल्याने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्ता नको," तो म्हणाला. "आधी गाडी कडेला घ्या. आम्हाला घाई नाही."